वन्संच्या डब्यातला रुपया

परेश हळदीच्या मांडवात माईकवर जे बोलला, ते आधी लिहून टाकते. मागे ठेवलं तर बाकीचं काही सुचायचं नाही.

"मंडली, माफी असावी," तो म्हणाला. "रांडाव बाईच्या हातचा डबा हलदीत आनला, ती माजी चूक. आवाज जानारच होता."

ती बाई म्हणजे माझी थोरली नणंद, चंद्रावती. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या मांडवामागे भाताच्या टोपाजवळ उभ्या होत्या. स्पीकर त्यांच्या डोक्यावरच्या खांबालाच बांधलेला, म्हणजे एकही शब्द चुकला नसणार. मांडवात चारशे माणूस होतं. परेश, तोंड सांभाळ, असं एकाने म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मी हातात हळदीचं ताट घेऊन उभी होते आणि तशीच उभी राहिले. परेशवर माझा राग आहे तो आहेच, पण त्या ताटाचा राग अजून गेलेला नाही.

आता डबा कसला, ते सांगते.

आमच्या पनवेल-उरणकडे बेंजोशिवाय हळद होत नाही. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. नुसताच वाजवला तर टिणटिण वाजतो, शाळेच्या गॅदरिंगला वाजावा तसा. तो मांडवभर घुमावा, ओरडावा, रडावा म्हणून वायरीच्या मध्ये एक पेडल लावतात. पेडल खरं तर गिटारवाल्यांसाठी असतं. पायाने दाबलं की आवाज फाटतो, पुन्हा दाबलं की साधा होतो. मोठ्या वादकांची पेडलं लोखंडासारखी भक्कम असतात म्हणे. आमच्या मास्तरांना परवडतात ती चिनी, साबणाच्या वडीएवढी, प्लास्टिकची. गिटारवाला बूट घालून हळूच दाबत असेल. आमचा मास्तर टेम्पोवर उभा राहून टाच आपटतो. त्यात हळद उडते, गुलाल उडतो, उरणकडचा खारा वारा असतो. एका लग्नसराईत पेडलचं बटण खरखरायला लागतं, दुसऱ्या सराईत पेडलचा चुरा होतो.

वन्सं त्या पेडलांना नवीन घर देतात. हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. त्या स्वतः एवढंच म्हणतात, "कपडे बदलतंय त्याचे."

वन्सं आमच्या ह्याच गावच्या, विचुंब्याच्या. वडिलांची खाडीकडे मिठागरात भागी होती, थोडी भातशेती होती. त्या जमिनीवर आता सात मजल्यांच्या इमारती आहेत. विसाव्या वर्षी त्यांना उरणला दिलं. नवरा बंदरात क्रेनवर होता. लग्नाच्या नवव्या वर्षी तो एक दिवस कामावर गेला आणि संध्याकाळी त्याला घेऊन आले. मूल नव्हतं. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी वन्संची ट्रंक रिक्षात ठेवली. रिक्षावाल्याला कुठे जायचं तेही त्यांनीच सांगितलं.

माहेरी आल्यावर महिन्याभरात वन्सं तळोज्याच्या एका कारखान्यात लागल्या. तिथे रेडिओ, इन्व्हर्टर, कसकसल्या यंत्रांची सर्किटं बनत. वन्सं भिंगाखाली बसून सोल्डरिंगचे टाके मारायच्या. बावीस वर्षं. त्या सांगतात, "टाके माराला चालीस बायका, आनि त्या चालीस बायकांवर ओरडाला एक बाप्या." कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकीला भिंतीवरचं एकेक घड्याळ मिळालं. आमचं घड्याळ महिन्याभरातच बंद पडलं. वन्संनी ते उघडलं, आतले टाके बघितले आणि म्हणाल्या, "ह्यो आमच्या हातचा नाय." मग दुरुस्त करून परत टांगलं. अजून चालू आहे.

पहिलं पेडल आणलं ते उरणच्या काळूरामदादांनी. हे कोळी, वन्संच्या नवऱ्याचे दोस्त, आणि तिकडचे नावाजलेले बेंजो मास्तर. पेडल टाचेखाली फुटलेलं होतं. वन्संनी ते जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठेवलं आणि दोन दिवस नुसतं बघितलं. कुठली वायर कुठे जाते ते पेन्सिलने काढलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "विनिता, आतला माल चांगला हाय गो. वरचा खोका भिकार हाय."

मग डब्याची शोधाशोध. स्टीलच्या डब्याला भोक पाडताना ड्रिल घसरत होतं, पत्र्याचा डबा टाचेखाली चेपत होता. पनवेलला एक जुनी बेकरी मोडीत निघाली होती. तिथे लांबट पावाचे ॲल्युमिनियमचे साचे होते, जाड, तळाला अरुंद आणि तोंडाला रुंद. वन्संनी एक उचलून पालथा घातला, त्यावर पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि बेकरीवाल्याला म्हणाल्या, "सगले दे."

आमच्या पडवीत अजूनही पावसाळ्यात त्या साच्यांना भाजलेल्या पावाचा वास येतो.

त्यांचं काम बघत बसणं मला आवडतं. प्लास्टिकचा खोका काढून आतलं सर्किट वेगळं करतात. साच्याला भोकं पाडतात, कानशीने कडा घासतात, म्हणजे मास्तरचा पाय कापू नये. पिचकं बटण फेकून देतात आणि पायाने दाबायचं भक्कम बटण बसवतात. आवाज कमीजास्त करायच्या मुठींखाली नळाचे वायसर घालतात, म्हणजे हळद आत जात नाही. खालचा पत्रा चार स्क्रूंनी लावायचा, मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. स्क्रू हलू नयेत म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका. सर्किटातही एकदोन वस्तू बदलतात. ती पेडलं गिटारच्या मापाची, त्यामुळे बेंजो त्यातून किंचाळतो. वन्संनी एक कपॅसिटर बदलला आणि तो किंचाळायचा थांबून गायला लागला. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. तेरा वेळा चुकल्या, चौदाव्या वेळी जमलं. मला त्या पेडलवरची इंग्रजी अक्षरंही धड वाचता येत नव्हती. तीही त्यांनीच शिकवली.

सोळा डबे झाले. उरण, कोन, करंजाडे, पार पेणपर्यंत गेले. सोळावा परेशचा.

परेश कोन गावचा. पस्तिशीचा, हात चांगला, तोंड त्याहून चालू. चैत्रात डबा न्यायला आला तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तासभर वाजवला. "आत्या, तुमी देवी हाव साक्षात," म्हणाला. आत्या म्हणाला, देवी म्हणाला. दीड महिन्यात त्याच तोंडाने रांडाव म्हणाला. तोंड एकच, हे मी मुद्दाम लिहिते.

ती हळद आमच्या शेजारच्याच घरातली होती. मे महिना, संध्याकाळची वेळ, मांडवाच्या चारी कोपऱ्यांत हॅलोजन पेटलेले. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला आवाज मध्येच गेला. परेशने डबा हलवला, आला. टाच आपटली, गेला. पोरं नाचता नाचता थांबली. कुणीतरी ओरडलं, "परेश, रिचार्ज संपला काय र?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "मिस कॉल दे त्याला!" परेशचं तोंड लाल झालं. त्याने डबा बाजूला केला, बेंजो सरळ स्पीकरला जोडला आणि टिणटिण वाजवून बघितलं. अजून हसले. मग त्याने माईक उचलला.

घरी आल्यावर वन्संनी हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि एक पाव-साचा घेऊन घासत बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, काहीतरी बोला."

"कोनाशी बोलू? माईक तर त्याच्याकडं होता."

आमचे हे जेवताना म्हणाले, "आता वाढवू नका. गावात ऱ्हायचाय आपल्याला." मी ताट असं ठेवलं की वरण त्यांच्या सदऱ्यावर उडालं. त्यांची सख्खी बहीण. बावीस वर्षं तिच्या पगारावर ह्या घराचं अर्धं पीठ आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षाने कोनला गेलो. परेशच्या ओट्यावर त्याच्या बेंजो पार्टीतले तिघेचौघे वादक चहा पीत होते. बसा असं कुणी म्हटलं नाही. दारात त्याची आई, गंगाबाई, वाती वळत बसली होती. गंगाबाई आमच्या भागातली धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणते. ती गायला लागल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद लागत नाही. नवरा जाऊन तिला वीस वर्षं झाली. कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि मांडवात पहिला शब्द तिचा.

"डबा दे," वन्सं परेशला म्हणाल्या. "उगडून बगतंय काय झालाय त्याला."

"डबा देवघरात हाय."

"देवघरात कशाला?"

"देवीचा रुपया हाय ना आत. आता त्याला तुमचा हात चालाचा नाय."

हा रुपया काय, ते बाहेरच्यांना माहीत नसेल. नवं वाद्य घेतलं की गावदेवीच्या पायाशी एक रुपया ठेवायचा, त्याला कुंकू लावायचं आणि तो वाद्याच्या पोटात ठेवून द्यायचा. दसऱ्यापर्यंत काढायचा नाही. ढोलकीत ठेवतात, बेंजोच्या लाकडी पेटीत ठेवतात. मीही ह्यात वावगं काही मानत नाही. मी दर मंगळवारी देवीला जाते. माझ्या शिलाई मशीनच्या खणातही तिच्या पायाचा रुपया आहे.

वन्सं त्याच्या आणखी जवळ गेल्या. मग हळू आवाजात विचारलं, "रुपया ठेवलास कुठं?"

"आत."

"आत कुठं? कशानी चिकटवलास?"

"मेनबत्तीच्या मेनानी. भिंतीला. का?"

"मेनानी," वन्सं म्हणाल्या. "मे महिन्यात. हॅलोजनखाली." त्यांनी कपाळाला हात लावला. "परेश, तुजा डबा बिगडलाच नाय र! मेन पातल झाला आनि रुपया सरकला. आवाज भायेर जायाचा टाका हाय ना, त्याच्यावर बसला, आनि दुसरी कड डब्याला टेकली. मंग आवाज स्पीकरात कसा जाईल? डब्यातच मुरनार. लाकडाच्या पेटीत चालतंय त्या, ह्यो डबा धातूचा हाय. रुपया काड. आत्ता बोलंल."

परेश पार्टीवाल्यांकडे वळला. "आयकलात? काम हिचा फसला, आनि खापर देवीवर!"

"देवीवर नाय र. मेनावर बोलतंय मी."

"आमच्या बापजाद्यांपासून रुपया ठेवतात. कोनाचा आवाज नाय गेला. तुज्याच डब्यात कसा गेला?"

चहा पिणारे हसले. एक म्हणाला, "आत्या, आता तुमी नातवंडं सांभाला." वन्संना नातवंडं नाहीत हे त्याला माहीत होतं.

गंगाबाईचे हात वातींवर थांबले होते. मग ती पुन्हा वाती वळायला लागली. मला तेव्हा तिचाही राग आला.

त्याच दुपारी परेशने बेंजोवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर, ज्यात डब्यांमुळे वन्संही आहेत, बोलून मेसेज टाकला. सव्वा मिनिटाचा. मी तो पूर्ण ऐकला, कारण पूर्ण ऐकल्याशिवाय शिवी नीट देता येत नाही. विचुंब्याच्या डब्यात दोष आहे, असं तो म्हणाला असता तर ठीक होतं. वस्तूला दोष असतो. तो म्हणाला, डब्यात बाधा आहे. शुभकार्यात तो नको. ज्याच्याकडे असेल त्याने परत करावा.

आठवड्यात सात डबे परत आले. एकजण दार वाजवून देऊन गेला. बाकीचे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यावर ठेवून गेले, मांजराचं पिल्लू सोडून जातात तसे. करंजाड्याच्या एकाने पिशवीत डब्यासोबत लिंबू घातलं होतं. मी ते लिंबू कापलं आणि सरबत करून प्यायले. देवीची शपथ.

वन्सं एकेक डबा पुसायच्या आणि फळीवर ओळीने लावायच्या. चौथा आला त्या दिवशी त्यांनी सोल्डरिंग गनची वायर गुंडाळली. सहावा आला तेव्हा ड्रिल पिशवीत घातलं. सातव्याला म्हणाल्या, "भंगारवाला कवा येतो गो? साचे देऊन टाकू. पडवी मोकली व्हईल." बाराव्यानंतर ट्रंक रिक्षात ठेवली तेव्हा त्या असंच बोलल्या असतील, असं मला वाटलं. न भांडता. मी त्यांना म्हटलं, "साच्याला हात लावाल तर बघा." जन्मात पहिल्यांदा मी थोरल्या नणंदेला असं बोलले.

मग काळूरामदादा आले. ते पिशवी ठेवून पळाले नाहीत, एवढं त्यांचं खरं. टेम्पोतून बेंजो, छोटा स्पीकर, सगळं घेऊनच आले होते, पुढे कुठेतरी वाजवायची सुपारी होती. डबा मांडीवर घेऊन बसले. चहा निवला तरी पीत नव्हते.

"वैनी, माजा काय नाय," ते वन्संना म्हणाले. "चार वर्षं वाजतंय. पन आता लोकं इचारतात, डबा कोनचा? मंग सुपारी देत नाय."

"तुमच्या डब्यात रुपया हाय?" वन्संनी विचारलं.

"नाय. माजा रुपया बेंजोत हाय, लाकडात."

"लावा स्पीकर."

दादांनी तिथेच ओट्यावर सगळं जोडलं. वन्संनी डब्याचे चार स्क्रू काढले आणि तो उलटा ठेवला, पोट वर. "वाजवा." दादा वाजवायला लागले. शेजारच्या बायका खिडकीत आल्या. वन्संनी मला म्हटलं, "विनिता, रुपया आन." मी मशीनच्या खणातला, देवीचाच आणला. घरात सुटा तेवढाच होता, आणि खरं सांगायचं तर मला तोच आणायचा होता. वन्संनी तो डोळ्यांना लावला आणि दोन बोटांनी डब्यात एका जागी टेकवला.

आवाज गेला. दादांचा हात चाललेला, तारा हललेल्या, आणि स्पीकर गप्प.

रुपया उचलला, आवाज आला. टेकवला, गेला. उचलला, आला. पाच वेळा केलं. खिडकीतली समीक्षा ओरडली, "अगं बाई, नळासारखा बंद-चालू होतोय!"

दादांनी बेंजो खाली ठेवला. "आयला," ते म्हणाले. "येवढ्यासाठी?"

"येवढ्यासाठी," वन्सं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. आयुष्यात मी तो एकदाच चढलेला ऐकला. "दादा, मना सांगा, ज्याच्या घरी टीवी हाय, फ्रीज हाय, मोबाइल हाय, त्याच्या आतले टाके कोनी मारलेत? माज्या लाइनीत चालीस बायका होत्या. नऊ रांडाव होत्या. त्या मोबाइलला नाय बाधा? त्याच मोबाइलवर तो बोल्ला ना, बाधा हाय म्हनून!"

दादांनी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि ग्रुपवर बोलले. "परेश, मी सोता बगितला. रुपया काड, डबा बोलंल. आनि वैनीची माफी माग." आपला डबा ते परत घेऊन गेले.

संध्याकाळी परेशचं उत्तर आलं. "चंद्रावतीच्या सांगन्यावरून देवीचा रुपया काडू? देवी मोटी का ती मोटी?"

ग्रुपवर कुणी पुढे बोललं नाही. देवीचं नाव आलं की सगळे गप्प. हेच मला सहन होत नाही. मी देवीची माणूस आहे. तिच्यापुढे मी कधी काही मागितलं नाही, नुसती बसते. आणि हा माणूस स्वतःचं तोंड लपवायला तिच्या पदराआड उभा राहतो. तिला मोठी म्हणतो आणि लपण्यापुरती वापरतो.

पुढच्या मंगळवारी मी आमच्या गावदेवीला न जाता कोनच्या देवीला गेले. मंगळवारी गंगाबाई तिथे झाडलोट करते, मला माहीत होतं. ती गाभाऱ्यात निरांजनं घासत होती. मी देवीला नमस्कार केला आणि तिथेच, देवीसमोरच बोलले. मागून बोलायचं नव्हतं.

"गंगाबाई, एक विचारू? तुम्ही ह्या देवळात हात लावता. देवीचे दिवे घासता. धवले म्हणता. तुमच्या आवाजावर गावातल्या सगळ्या पोरांना हळद लागली, परेशलाही लागली. मग आमच्या वन्संचा हात कसा नाही चालत?"

ती घासतच राहिली.

"का नवरा कोनातला मेला तर चालतं आणि विचुंब्यातला मेला तर नाही?"

हे फार झालं, मला कळत होतं. ती माझ्या आईच्या वयाची. पण मी शब्द मागे घेतला नाही. तिने निरांजन पुसलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "जा गो पोरी घरी. उशीर झाला तुना." बस, एवढंच. मी घरी येईपर्यंत स्वतःशी आणि रिक्षावाल्याशी भांडत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाई आमच्या दारात. एकटी. एका हातात साडीची पिशवी, दुसरा हात पदराखाली. वन्संनी तिला वाकून नमस्कार केला आणि पाट दिला.

गंगाबाईने पिशवी जमिनीवर ठेवली. "ही परेशनी दिलीय. साडी-नारल देऊन ये, गोड कर, बोल्ला. काळूरामच्या बोलन्यापासून त्यालापन सुपारी लोकं देत नाय. टिनटिन कोन आयकनार?" मग तिने पिशवी पायाने दारापर्यंत सरकवली. "ती मी देत नाय. परत नेतंय. मी ह्याच्यासाठी आली."

पदराखालून तिने डबा काढला. सोळावा. वर हळदीकुंकवाचे थर, लाल दोरा गुंडाळलेला.

"परेशनी दिला?" मी विचारलं.

"त्याला काय इचाराचा? देवघर माजा हाय. मी रोज पूजा करतंय त्याची. परेश माज्या हातचा भात खातंय, माज्या हातचा अंगारा लावून सुपारीला जातंय." तिने डबा वन्संपुढे ठेवला. "उगड."

वन्संनी हात पुढे केला नाही. "रुपया काडाला लागंल, काकी."

"काडीन मी. तू निसता उगड."

वन्संनी दोरा सोडवून बाजूला घडी करून ठेवला. चार स्क्रू काढले. नेलपॉलिशचे ठिपके नव्हतेच, परेशने उघडताना खरवडले होते. पत्रा निघाला. आत भिंतीवर मेणाचा ओघळ, खाली उतरत आलेला, मेणबत्तीवरून उतरतो तसा. त्याच्या टोकाला रुपया. एक कड टाक्यावर, एक डब्याला. वन्संनी जसं सांगितलं होतं तसंच, केसभरही फरक नाही. त्यांनी तर तो डबा तेव्हा उघडून बघितलाही नव्हता.

गंगाबाई वाकून बघत होती.  मग तिने नखाने रुपया सोडवला, पदराला पुसला आणि डोळ्यांना लावला.

वन्संनी मेण खरवडलं आणि टाका पुसला. घरातला जुना रेडिओ डब्याच्या एका टोकाला आणि एक छोटा स्पीकर दुसऱ्या टोकाला लावून बघितला. स्पीकरमधून असा फाटका, भरलेला आवाज आला की भिंतीवरचं कारखान्याचं घड्याळही थरथरलं.

"चांगला हाय," वन्सं म्हणाल्या. पत्रा लावला, चार ठिपके दिले, सुकू दिले आणि डबा गंगाबाईपुढे सरकवला. "न्या, काकी. मना काय नको."

मला वाटलं, झालं. आता ही डबा नेणार, तो वाजवणार, आणि सगळे म्हणणार, मिटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी तोंड उघडायच्या आत गंगाबाईनेच डबा मागे ढकलला.

"मी रुपया नेतंय. देवीचा देवीला. डबा हितं ऱ्हाऊ दे."

"परेश रागवंल."

"रागवू दे. हलदीत माईकवर बोल्ला ना? मंग हलदीत माईकवर बोलंल आनि डबा घेऊन जाईल. घरात येऊन, साडीत गुंडालून नाय चालाचा." उठताना गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "काल हिनी मना देवीसमोर इचारलान. वीस वर्षं मी गातंय, मना कोनी इचारला नाय. मी पन सोताला इचारला नाय."

तिला रिक्षात बसवून दिलं. साडीची पिशवी तिने मांडीवर घेतली होती आणि रुपया मुठीत.

ह्याला आता चार महिने झाले. परत आलेल्या सात डब्यांपैकी पाच मास्तर येऊन घेऊन गेले. दोघांनी खाली मान घालून नेले, एकाने वन्संच्या पाया पडून. करंजाड्याच्या लिंबूवाल्याला मी विचारलं, लिंबू आणलंस का? सरबत छान झालं होतं. वन्सं हल्ली प्रत्येक डब्याच्या खालच्या पत्र्याला, बाहेरच्या बाजूला, औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण स्क्रूने बसवतात. त्यात रुपया ठेवायचा आणि वरून पट्टी लावायची. देवीही खूश, टाकेही सुखात. ही युक्ती त्यांना त्याच आठवड्यात सुचली होती, ज्या आठवड्यात त्या साचे भंगारात घालायला निघाल्या होत्या.

परेश आलेला नाही. गणपतीत त्याने दुसरं प्लास्टिकचं पेडल आणलं होतं, ते विसर्जनाच्या मिरवणुकीत फुटलं. आमचे हे सांगत आले आणि हसले. मी म्हटलं, तुम्ही हसू नका, तुमचा हसायचा हक्क अजून परत मिळालेला नाही.

सोळावा डबा फळीवर आहे. मी रोज पुसते. माणसं म्हणतात, सोडा आता, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. ज्यांना माईकवर कुणी काही म्हटलेलं नसतं, त्यांना सोडणं फार सोपं जातं. वन्सं म्हणतात, "नाय येनार तो." त्यांना खरंच काही नको. मला हवंय.

तुळशीचं लग्न झालं की हळदी पुन्हा सुरू होतील. पहिलीच हळद आमच्या आळीत आहे, आणि त्या घरच्यांनी सुपारी पुन्हा परेशलाच दिली आहे. गंगाबाई धवले म्हणेल. मी हळदीचं ताट घेऊन उभी असेन. त्याची वाट मी शेवटच्या गाण्यापर्यंत बघेन. तोवर तो बोलला नाही, तर मी ताट खाली ठेवीन. माईक कुठे ठेवतात ते मला माहीत आहे.